एका वाटणीची गोष्ट : ब्रिटन युरोपच्या संघातून वेगळा झाला त्याची



एकत्र कुटुंब फुटते तेव्हा काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. वेगळे व्हायचे एवढे ठरवायला एक रात्र पुरते. परंतु विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, बांधावरची झाडे, सोसायटीचे कर्ज आणि म्हाताऱ्या माणसांचा सांभाळ या गोष्टींचा निकाल लागायला वर्षे जातात. ब्रिटनसारख्या शिकल्यासवरल्या, श्रीमंत देशाने अशीच एक वाटणी केली. तिला तिकडे 'ब्रेक्झिट' म्हणतात. या वाटणीत शेतकरी, मजूर, दूध, मटण आणि बटाट्याचे बेणे हे सारे आले. आपल्या आंब्याचा आणि द्राक्षाचाही तिच्याशी थोडा संबंध आहे. म्हणून ही हकीकत आपण नीट समजून घेऊ.

संघ कसा झाला?

दुसऱ्या महायुद्धात युरोपची राखरांगोळी झाली. लोकांनी उपासमार पाहिली. पुन्हा आपसात लढाई नको आणि पोटाची भ्रांत नको, या विचाराने १९५७ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी रोम येथे करार केला. आपसातल्या मालावर जकात नाही आणि बाहेरच्या मालाला सर्वांची मिळून एकच जकात, असा तो बेत होता. १९६२ पासून त्यांनी शेतीचे धोरणही एक केले. शेतमालाचा भाव ठरावीक पातळीखाली उतरला, तर सामाईक तिजोरीतून खरेदी करायची, अशी सोय झाली.

हमी मिळाल्यावर शेतकरी पिकवतो, हे आपण जाणतोच. तिकडेही तेच झाले. १९७० आणि १९८० च्या दशकांत गोदामांत लोण्याचे डोंगर साचले. शेवटी १९८४ मध्ये प्रत्येक देशाला दुधाचा कोटा ठरवून द्यावा लागला. पुढे भावाचा आधार कमी करून शेतकऱ्याला क्षेत्राच्या हिशेबाने थेट पैसे देण्याची पद्धत आली.

ब्रिटनला या घरात सहज प्रवेश मिळाला नाही. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ अशी दोनदा आडकाठी केली. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन आत आला. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, राहायचे की नाही यावर तेथे मतदान झाले आणि ६७ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. गंमत अशी की, त्या वेळी मजूर पक्षातील बरेच पुढारी संघाच्या विरोधात होते आणि मार्गारेट थॅचर राहण्याचा प्रचार करीत होत्या. पुढे पक्षांच्या जागा बदलल्या. थॅचरबाईंनीच १९८४ मध्ये भांडून ब्रिटनच्या वर्गणीत सूट मिळवली. त्यांचे म्हणणे होते की, संघाचा बहुतेक खर्च शेतीवर होतो, आमच्याकडे शेतकरी कमी, मग आम्ही भरायचे जास्त आणि घ्यायचे कमी, हे कसे?

दोन्ही बाजूंचे म्हणणे

पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी जानेवारी २०१३ मध्ये मतदान घेण्याचे आश्वासन दिले. त्यांना स्वतःला संघात राहायचे होते. २३ जून २०१६ ही मतदानाची तारीख ठरली आणि देशाचे दोन तट पडले.

बाहेर पडा म्हणणाऱ्यांची बाजू अशी : आमचे कायदे आमच्या संसदेने करावेत, ब्रुसेल्समध्ये बसणाऱ्यांनी नव्हे. आमचा पैसा आमच्याकडे राहावा. देशात कोणी यावे हे आम्ही ठरवावे. राहा म्हणणाऱ्यांची बाजू अशी : आमचा निम्म्याच्या आसपास व्यापार याच शेजाऱ्यांशी आहे, तो बिनजकात चालतो. नियम करताना आम्हीही तेथे बसलेले असतो. बाहेर पडलो तर माल त्यांनाच विकावा लागेल, मात्र नियम करताना आम्हाला कोणी विचारणार नाही.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, हे लक्षात घ्या. शेतीखात्यातच पाहा. खात्याच्या मुख्य मंत्री लिझ ट्रस 'राहा' म्हणत होत्या आणि त्यांच्याच हाताखालचे शेतीमंत्री जॉर्ज युस्टिस 'निघा' म्हणत होते. शेतकऱ्यांच्या मोठ्या संघटनेने, नॅशनल फार्मर्स युनियनने, एप्रिल २०१६ मध्ये राहण्यात शेतीचे हित आहे असा ठराव केला. तरीही अनेक शेतकरी निघण्याच्या बाजूचे होते. त्यांचा राग समजण्यासारखा होता. २०१५ पासून असा नियम आला होता की, तीस हेक्टरांहून जास्त लागवडीची जमीन असणाऱ्याने साधारणपणे किमान तीन पिके घेतलीच पाहिजेत, नाहीतर अनुदानाला कात्री. आपल्या जमिनीत काय पेरायचे हे परक्या गावचा कारकून सांगणार, हे कोणाला रुचेल?

दुसऱ्या बाजूला, स्ट्रॉबेरी आणि भाजीपाला काढायला रुमानिया आणि बल्गेरियातून मजुरांच्या टोळ्या येत. आपल्याकडे ऊसतोडीला टोळी येते, तशाच. संघात असल्याने त्यांना परवाना लागत नसे. टोळी आली नाही तर फळ वेलीवरच सडते, ही धास्ती बागायतदारांना होती.

बसवरचा आकडा

प्रचारात दोन्हीकडून अतिशयोक्ती झाली. निघा म्हणणाऱ्यांनी एका लाल बसवर लिहिले की, आपण संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, तो पैसा सरकारी दवाखान्यांना देऊ. हा आकडा वर्गणीत मिळणारी सूट वजा न करता धरलेला होता. ती सूट आधीच वळती होत असे, म्हणजे तेवढा पैसा कधी जातच नव्हता. शिवाय गेलेल्या पैशातला काही भाग शेतकऱ्यांच्या अनुदानाच्या आणि मागास भागांच्या मदतीच्या रूपाने परत येत असे. तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचे सांगितले, तरी बस फिरतच राहिली.

राहा म्हणणाऱ्यांनीही भीती घातली. सरकारच्या अर्थखात्याने मे २०१६ मध्ये सांगितले की, निघण्याचे मत पडताच वर्षभर मंदी येईल आणि पाच लाख लोकांच्या नोकऱ्या जातील. तसे काही लगेच घडले नाही. त्यामुळे पुढे खऱ्या धोक्यांबद्दल बोलणाऱ्यांवरही लोकांचा विश्वास बसेना.

वातावरण इतके तापले की मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जून रोजी, राहण्याचा प्रचार करणाऱ्या खासदार जो कॉक्स यांची त्यांच्याच मतदारसंघात हत्या झाली. त्या दोन लहान मुलांच्या आई होत्या.

मतदान झाले. निघण्याच्या बाजूने ५१.९ टक्के, राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के. इंग्लंड आणि वेल्स निघा म्हणाले, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड राहा म्हणाले. संघाकडून भरपूर मदत मिळणाऱ्या कॉर्नवॉल भागानेसुद्धा निघण्याचाच कौल दिला. कॅमेरून यांनी राजीनामा दिला.

कौल मिळाला, वाटणीपत्र कोठे?

खरी अडचण येथून सुरू झाली. मतपत्रिकेवर एवढेच विचारले होते : राहायचे की निघायचे? निघून कोठे जायचे, हे विचारलेच नव्हते. जकातीपुरते सोबत राहायचे, की सगळेच तोडायचे? निघणाऱ्यांमध्येच यावर एकमत नव्हते.

त्यातून बांधाचा प्रश्न निघाला. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये आहे आणि शेजारचा आयर्लंड संघात आहे. दोघांमधली सरहद्द सुमारे ५०० किलोमीटरांची आणि शेताशेतांतून जाणारी. तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८ मध्ये तेथे शांततेचा करार झाला होता. आता त्या सरहद्दीवर पुन्हा नाके बसवले, तर जुनी जखम उघडण्याचे भय. नाके बसवले नाहीत, तर संघाच्या बाजारात मागल्या दाराने माल शिरणार. मतदानाच्या प्रचारात या बांधाकडे इंग्लंडमध्ये फार थोड्यांनी लक्ष दिले होते.

पंतप्रधान थेरेसा मे यांनी करार आणला. संसदेने २०१९ मध्ये तो तीनदा फेटाळला. त्या गेल्या, बोरिस जॉन्सन आले. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत त्यांना बहुमत मिळाले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला. संक्रमणाचा काळ त्या वर्षाअखेर संपला. बांधाचा तोडगा असा निघाला की, तपासणी सरहद्दीवर न करता समुद्रात, म्हणजे ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये करायची. एकाच देशाच्या दोन भागांत माल नेताना कागद दाखवायचे! त्यावरून पुन्हा वाद झाला आणि २०२३ मध्ये नवा समझोता करून नियम सैल करावे लागले.

शेतात काय फरक पडला?

करारामुळे जकात लागली नाही, हे खरे. परंतु जकात नाही म्हणजे अडथळा नाही असे नव्हे. मटण, दूध किंवा चीज युरोपला पाठवायचे तर आता पशुवैद्याच्या सहीचा दाखला लागू लागला. मोठ्या कंपनीला हा खर्च झेपतो, लहान चीज करणाऱ्या कुटुंबाला झेपत नाही. स्कॉटलंडचे बटाट्याचे बेणे नावाजलेले. जानेवारी २०२१ पासून ते युरोपात नेण्यास बंदी झाली. बेण्यात रोग शिरला म्हणून नव्हे, तर देश घराबाहेरचा झाला म्हणून.

क्षेत्रावर मिळणारे थेट पैसे इंग्लंडमध्ये २०२१ पासून दरवर्षी कमी होत गेले. त्याऐवजी माती, पाणी, कुंपणाची झाडी यांची जपणूक करणाऱ्याला मोबदला, अशी नवी पद्धत आली. विचार चांगला आहे, कारण जुन्या पद्धतीत ज्याची जमीन मोठी त्याचीच झोळी भरत असे. परंतु मार्च २०२५ मध्ये त्यातील मुख्य योजनेचे नवे अर्ज सरकारने एकाएकी बंद केले. जुना आधार आटत चाललेला आणि नव्याचे दार बंद, अशी अनेकांची कोंडी झाली.

ब्रिटनने ऑस्ट्रेलियाशी आणि न्यूझीलंडशी स्वतंत्र व्यापार करार केले. ते ३१ मे २०२३ पासून लागू झाले. तिकडच्या मोठ्या कुरणांवरचे स्वस्त मटण येईल, ही मेंढपाळांची काळजी आहे. निघा म्हणणारे तेच जॉर्ज युस्टिस मंत्रिपद सुटल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये संसदेत म्हणाले की, ऑस्ट्रेलियाशी झालेला करार ब्रिटनच्या दृष्टीने काही फारसा चांगला नव्हता.

मजुरांसाठी हंगामी परवाने काढावे लागले. २०१९ मध्ये ते २,५०० होते, २०२१ मध्ये ३०,००० झाले, पुढे आणखी वाढले. रुमानियाच्या जागी नेपाळ, किर्गिझस्तान, इंडोनेशिया येथून माणसे येऊ लागली. बाहेरून येणारे कमी व्हावेत म्हणून अनेकांनी मत दिले होते. पण जून २०२३ पर्यंतच्या एका वर्षात, गेलेले वजा जाता, ९ लाखांहून अधिक लोक देशात आले. मच्छीमारांना सारा समुद्र आपला होईल असे वाटले होते. मे २०२५ च्या समझोत्यात युरोपच्या बोटींना २०३८ पर्यंत मासेमारीची मुभा मिळाली. त्याच वेळी अन्नमालाची तपासणी सुलभ करण्यासाठी बोलणी करण्याचेही ठरले.

आपला संबंध कोठे येतो?

मे २०१४ मध्ये फळमाशीमुळे युरोपच्या संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली. कोकणचा हापूस त्या हंगामात लंडनला जाऊ शकला नाही. तेथल्या भारतीय व्यापाऱ्यांनी गाऱ्हाणे मांडले, पण निर्णय संघाचा होता. बंदी पुढच्या हंगामापूर्वी उठली. २०१० मध्ये नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांना क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे असाच फटका बसला होता. तेव्हा रॉटरडॅम बंदरात आणि इंग्लंडमध्ये नियम एक होता. आता ब्रिटनची औषधांच्या उर्वरित अंशांची यादी वेगळी आहे. म्हणून निर्यातीचा माल करणाऱ्याने, माल कोणत्या देशात जाणार हे आधी निर्यातदाराला विचारून घ्यावे आणि त्या देशाच्या यादीप्रमाणेच फवारणीचे वेळापत्रक आखावे. दोन्हीकडे माल जाणार असेल, तर ज्याचा नियम कडक तो पाळावा. ब्रिटन वेगळा झाला म्हणूनच तो भारताशी स्वतंत्र व्यापार करार करू शकला. २४ जुलै २०२५ रोजी त्यावर सह्या झाल्या.

अलीकडच्या बहुतेक चाचण्यांत, निघण्याचा निर्णय चुकला असे म्हणणारे ब्रिटिश लोक जास्त भरतात. तरी निघणाऱ्यांना मूर्ख ठरवणे बरोबर नाही. आपल्या घरचा कारभार आपल्या हाती असावा, ही इच्छा वाजवीच आहे. खोट होती ती कौल घेण्याच्या रीतीत.

आपल्यापुढेही असे प्रसंग येतात. मोठ्या ग्रामपंचायतीतून वाडी वेगळी काढायची, सामाईक पाइपलाइन मोडायची, एका कारखान्याचा ऊस तोडून दुसऱ्याला घालायचा, भावाभावांत वाटणी करायची. अशा वेळी हात वर करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. निघाल्यावर नेमके काय होणार, ते कागदावर आहे काय? सांगितलेल्या आकड्यातून परत येणारी रक्कम वजा केली आहे काय? आणि सामाईक बांधावर ज्याचे घर आहे, त्याला कोणी विचारले काय? घरातल्या बायकांनाही विचारा, कारण वाटणीनंतर दोन चुली त्यांनाच पेटवायच्या असतात. या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर राहा किंवा निघा. मग जो निर्णय होईल तो निभावून नेता येईल.