मीटर कुणाच्या नावावर?

गच्चीवरच्या सोलरबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या भागावर गेलंय, कारण गेल्या वेळच्या पंख्यांच्या हिशोबावर आलेलं एक पत्र. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहणाऱ्या वाचक बाईंनी विचारलंय : कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा घ्यायची तयारी आहे, पण चार बिऱ्हाडांत मीटर एकच, तेही मालकांच्या नावावर. लाइटचे ठरलेले पैसे दर महिन्याला भाड्यासोबत द्यायचे. मग पंखा बदलून आमचं काय वाचणार?

काहीच नाही. वाचलं तर मालकांचं वाचेल. आणि मालकांना वाटलं तरी दुसऱ्याच्या खोलीत तीन हजारांचा पंखा ते कशाला लावतील?

भाड्याच्या घरात पर्यावरणाची गाडी अडते ती नेमकी इथे. भाडेकरू वीज जपत नाहीत, त्यांना आस्था नसते, असं सरसकट बोललं जातं. ते खरं नाही. उपकरण निवडतो एक आणि बिल भरतो दुसरा, हे खरं दुखणं आहे. बिल भाडेकरूचं असेल तर मालक खोलीत स्वस्तातला पंखा, जुनाट गिझर आणि स्वतःकडे नवा आल्यावर उरलेला फ्रिज ठेवतो. बिल मालकाचं असेल तर गिझर चालू राहिल्याची झळ भाडेकरूला लागत नाही. दोघेही आपापल्या जागी शहाणेच वागत असतात, वाया मात्र वीज जाते.

सरकारी योजनाही बहुतेक मालकाकडे पाहूनच आखल्या जातात. २०२४ साली आलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, पण घर आणि छप्पर आपलं असावं लागतं. पुणे महापालिका सोलर, गांडूळखत किंवा पावसाचं पाणी साठवण्याची सोय केलेल्यांना मिळकतकरात सवलत देते. मिळकतकर मालकाच्या नावावर, म्हणून सवलतही त्याचीच. बादलीत ओला कचरा वेगळा करणारा हात मात्र अनेकदा भाडेकरूचा असतो.

आता पंख्याकडे. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॅट ओढतो, बीएलडीसी ३० वॅटच्या आसपास. दिवसाला पंधरा तास फिरला तर महिन्याला वीस युनिट वाचतात. युनिटला आठ-नऊ रुपये धरले तर तीन हजारांचा पंखा फिटायला दीड वर्षाच्या आसपास जातं, थंडीचे महिने वजा केले तर थोडं अधिक. आणि करार असतो अकरा महिन्यांचा.

या अकरा महिन्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे. नोंदणी टाळायला लोकांनी एक महिना कमी केला आणि देशभर अकराचा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात मात्र १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ने मुदत कितीही असो, लेखी करार आणि नोंदणी सक्तीची केली, शिवाय नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. म्हणजे अकरा महिन्यांमागचं कारण आपल्याकडे कधीच संपलं. सवय मात्र टिकली, आणि दीड वर्षात फिटणारी कोणतीही वस्तू तिने भाड्याच्या घराबाहेर ठेवली. लिव्ह अँड लायसन्सचा करार तेहतीस महिन्यांचाही नोंदवता येतो. पर्यावरणासाठी घरमालकाकडे एकच गोष्ट मागायची असेल, तर ही लांब मुदत मागावी.

पंख्याचं एक बरं असतं. चार स्क्रू, दोन वायरी, की तो उतरतो. मालकाचा जुना पंखा कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा, घर सोडताना तोच परत टांगायचा आणि आपला पंखा पुढच्या घरी न्यायचा. रॉडची लांबी मात्र नव्या घरच्या छताप्रमाणे बदलावी लागते. आणखी एक, भिंतीवरचा जुना रेग्युलेटर बीएलडीसीला चालत नाही. तो पूर्ण वेगावर ठेवावा किंवा वायरमनकडून काढून घ्यावा. रेग्युलेटर मध्येच ठेवल्याने पंखा कुरकुरतो आणि लोक पंख्याला नावं ठेवतात.

पण पत्रातला पेच पंख्याने सुटत नाही, मीटरने सुटतो. महावितरणच्या घरगुती दरात टप्पे आहेत : शंभर युनिटपर्यंत, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, आणि त्यापुढे. दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार गेल्या काही वर्षांच्या दरपत्रकांत पहिल्याच्या दुपटीच्या आसपास राहिला आहे. वाड्यातली चार बिऱ्हाडं प्रत्येकी ऐंशी युनिट वापरतात असं धरू. चौघांची मीटर वेगळी असती तर सगळेच पहिल्या टप्प्यात बसले असते. एका मीटरवर मात्र ३२० युनिट होतात आणि शेवटचे वीस थेट तिसऱ्या टप्प्यात जातात. वेगळ्या मीटरला स्थिर आकार चार वेळा पडतो हे मान्य, तरीही हिशोब स्वतंत्र मीटरच्याच बाजूने झुकतो. म्हणजे चार काटकसरी बिऱ्हाडं मिळून एका उधळ्या बंगल्याच्या दराने वीज घेतात.

त्याहून मोठा तोटा वेगळाच. आपण किती वीज वापरली हे त्या चौघांपैकी कुणालाच कळत नाही. बिलावर गेल्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. मे महिन्यातला खांब बघून माणूस आपोआप विचार करतो की कूलर रात्रभर का चालला. हा आरसाच ज्याच्या हातात नाही, त्याला बचतीचं व्याख्यान देण्यात काय अर्थ?

मग स्वतंत्र मीटर मिळतं का? कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २००३च्या वीज कायद्याचं कलम ४३ जागेचा मालक किंवा ती जागा वापरणारा, दोघांपैकी कुणाच्याही अर्जावर वीज द्यायला सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली आणखी स्पष्ट केलं : घरमालक ना हरकत देत नाही एवढ्याच कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, अर्जदार खरोखर त्या जागेत आहे ना, एवढंच वीज कंपनीने पाहावं. अर्थात एकाच वास्तूत आणखी मीटर देताना बिऱ्हाडं खरोखर वेगळी आहेत का, हे कंपनी तपासतेच.

मात्र कलम दाखवून मालकाशी भांडण काढावं, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. मालकाच्या भीतीला इतिहास आहे. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर बांधून टाकली. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी वाड्यांत आणि चाळींत पिढ्यान् पिढ्या भाडेकरू राहिले, मालकांनी डागडुजी सोडली, वायरिंगसुद्धा जुनंच राहिलं. ‘लाइटबिल त्याच्या नावावर गेलं की जागाही गेली’ ही समजूत त्या काळातून आली आहे. आज लिव्ह अँड लायसन्सला ती लागू पडत नाही. १९९९च्या कायद्याचं कलम २४ लेखी करारालाच निर्णायक पुरावा मानतं. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. लाइटबिलावरच्या नावाने त्यात फरक पडत नाही.

दुसरी भीती थकबाकीची, आणि ती रास्त आहे. आधीच्या ग्राहकाची बाकी भरल्याशिवाय त्याच जागेत नवी जोडणी न देण्याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली वैध ठरवले. भाडेकरू बिल बुडवून गेला तर चटका मालकाच्या जागेलाच बसू शकतो. म्हणून दोन महिन्यांच्या बिलाइतकं वेगळं डिपॉझिट मालकाने मागितलं तर भाडेकरूने ते आनंदाने द्यावं.

मालक आणि भाडेकरूच्या या ओढाताणीवर जर्मनीने काढलेला तोडगा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथे निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात. घर उबदार ठेवायला जळणाऱ्या इंधनावरचा कार्बन कर आधी पूर्णपणे भाडेकरूच भरायचा. १ जानेवारी २०२३पासून त्याची दहा पायऱ्यांत वाटणी होते. इमारत नीट बांधलेली, उष्णता धरून ठेवणारी असेल तर सगळा कर भाडेकरूचा. इमारत जितकी गळकी तितका मालकाचा वाटा मोठा, अगदी वाईट इमारतीत ९५ टक्के. भिंती आणि खिडक्या ज्याच्या हातात, त्याच्याच खिशाला त्यांची झळ. आपल्याकडे असा कायदा नाही, पण दोन माणसांनी करारात असं काही लिहून घ्यायला कुणाची आडकाठीही नाही.

तर वाचक बाईंना सुचवायचं ते असं. पहिली पायरी सबमीटरची, म्हणजे मुख्य मीटरच्या पुढे फक्त आपल्या खोल्यांचे युनिट मोजणाऱ्या मीटरची. इलेक्ट्रिकच्या दुकानात ते मिळतं, वायरमन तासाभरात बसवतो, आणि ठरलेल्या रकमेऐवजी युनिटप्रमाणे पैसे द्यायला मालक सहसा तयार होतात, कारण त्यांनाही बाकीच्या खोल्यांवर संशय असतोच. दर मात्र बिल समोर ठेवून ठरवावा. पंखा त्यानंतर घ्यावा. पुढचा करार होईल तेव्हा एजंटच्या छापील मसुद्यात एक जादा अट घालून घ्यावी : भाडेकरूने स्वखर्चाने बसवलेली विजेची उपकरणं त्याचीच राहतील आणि जाताना मूळ उपकरणं तो परत बसवून देईल, मालकाला भाडेकरूची उपकरणं ठेवून घ्यायची असल्यास तो ती उरलेल्या किमतीला घेईल. मुदत तेहतीस महिन्यांची मागावी. स्वतंत्र मीटरचा अर्ज त्याच वेळी, मालकांना बरोबर घेऊन करावा.

सोलर आता पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर वाचकांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर एक चक्कर मारून पाहून ठेवावं : टाक्या सामायिक आहेत की फ्लॅटवार, दक्षिणेकडे सावली कशाची पडते, आणि गरम पाण्याची पाइपलाइन आधीच खाली आणलेली आहे का. हिशोब तिथूनच सुरू करायचा आहे.