राखून ठेवलेला अर्धा दगड



गेल्या महिन्यात माझे एक निवृत्त शिक्षकमित्र घरी आले. त्यांनी खिशातून एक माहितीपत्रक काढून मजपुढे ठेवले. परदेशी सोन्याचा व तांब्याचा शोध घेणाऱ्या एका नव्या कंपनीचे ते पत्रक होते. "सर, समभाग अगदी स्वस्त आहे. खाण लागली की दसपट होईल. ग्रॅच्युइटीतले काही पैसे घालावेत काय?" असा त्यांचा प्रश्न होता. त्यांना मी जे सांगितले, तेच आज आपणांपुढे मांडतो.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. चालू खाण निराळी आणि खाणीचा शोध निराळा. रायचूर जिल्ह्यातील हट्टीच्या सरकारी खाणीतून प्रत्यक्ष सोने निघते. त्याचे वजन करता येते, हिशेब मांडता येतो. नवजात शोधकंपनीपाशी असा माल नसतो. तिच्याजवळ असतो एका भूभागाचा परवाना, काही भूवैज्ञानिक आणि आशा. उत्पन्न नसल्यामुळे तिचा खर्च नवे समभाग विकूनच भागतो. एक कोटी समभागांचे दोन कोटी झाले, की आपण एक पैसाही न काढता आपला हिस्सा निम्म्यावर येतो. समभाग स्वस्त आहे, एवढ्यावरून तो सवंग मिळाला असे म्हणता येत नाही.

आता शोध कसा चालतो ते पाहू. आधी माती, ओढ्यातील गाळ व दगड यांचे नमुने तपासतात. त्यांत धातूची चाहूल लागली, तर हिऱ्याचे कण बसविलेल्या पोकळ नळीने भूमीत खोल छिद्रे पाडतात. त्यांतून खडकाचा जो दंडगोल वर येतो, त्यास गाभा म्हणावे. हा गाभा उभा चिरतात. अर्धा भाग चुरून प्रयोगशाळेकडे जातो आणि उरलेला अर्धा पेटीत क्रमवार राखून ठेवतात. हेतू हा, की कोणास शंका आली तर त्याच जागेचा दगड पुन्हा तपासता यावा. टनामागे दोन ग्रॅम सोने म्हणजे दहा लाख भागांत दोन भाग. ते बहुधा डोळ्यांस दिसतच नाही. तांबे शेकडा एक असले तरी टनामागे दहा किलो होते. सोन्याच्या बाबतीत मात्र चिमूटभर चुऱ्यावर सगळा डोलारा उभा असतो.

१९९३ साली घडलेल्या दोन गोष्टी ह्या दृष्टीने बोधप्रद आहेत. त्या वर्षी कॅनडातील लॅब्रॅडॉरच्या किनाऱ्याजवळ, व्हॉइसीज बे येथे, हिऱ्यांच्या शोधात निघालेल्या दोघा शोधकांना निकेल व तांबे असलेला खडक आढळला. छिद्रे पाडली, साठा खरा ठरला आणि १९९६ साली इन्को ह्या मोठ्या कंपनीने तो सुमारे ४.३ अब्ज कॅनेडियन डॉलरांस विकत घेतला. आरंभीच्या भागधारकांचे भाग्य उजळले. तथापि खाण सुरू व्हावयास २००५ साल उजाडले. खऱ्या साठ्यासही बारा वर्षे लागली!

त्याच १९९३ साली ब्रे-एक्स नावाच्या लहानशा कॅनेडियन कंपनीने इंडोनेशियातील बोर्निओ बेटावर बुसांग येथील जागा घेतली. पुढे दर काही महिन्यांनी सोन्याचा आकडा वाढत गेला. १९९७च्या आरंभी तो सुमारे २२०० टनांवर पोचला. काही सेंटांना मिळणारा समभाग इतका चढला, की कंपनीचे बाजारमूल्य सहा अब्ज कॅनेडियन डॉलरांपलीकडे गेले. परंतु बुसांगला गाभा उभा चिरून अर्धा राखण्याची रीत पाळलीच नव्हती. जवळजवळ सगळा गाभा चुरून टाकला जाई. मार्च १९९७मध्ये फ्रीपोर्ट-मॅकमोरान कंपनीने जुन्या छिद्रांशेजारीच नवी छिद्रे पाडली, तेव्हा सोने नगण्य निघाले. मे महिन्यात स्ट्रॅथकोना ह्या स्वतंत्र सल्लागार संस्थेने निर्वाळा दिला, की चुऱ्यात बाहेरून सोने मिसळले होते. त्या सोन्याच्या कणांच्या कडा गोलसर होत्या. नदीत वाहून झिजलेल्या सोन्याच्या असतात तशा. प्रयोगशाळेने खोटे सांगितले नव्हते. तिच्या हाती आलेला चुराच खोटा होता.

समभाग कवडीमोल झाला. बुडालेल्यांत ऑन्टेरिओ प्रांतातील शिक्षकांचा निवृत्तिवेतन निधीही होता. त्याचे कोट्यवधी डॉलर गेले. जेथे जाणत्यांनी सांभाळलेला निधी फसला, तेथे एकट्यादुकट्याने किती जपावे! ह्या प्रकरणी पुढे कोणासही शिक्षा झाली नाही.

कॅनडाने मात्र धडा घेतला. २००१पासून तेथे साठ्याविषयीचे विधान पात्र तज्ज्ञाच्या जबाबदारीवरच करावे लागते. अनुमानाने मांडलेला साठा आणि फायद्याने काढता येईल असा सिद्ध साठा, हे दोन्ही वेगळे दाखवावे लागतात. पत्रकात पुष्कळदा पहिलाच मोठ्या अक्षरांत असतो.

म्हणून मित्रांना मी चार प्रश्न लिहून दिले. राखलेला अर्धा गाभा कोठे आहे? कंपनीशी संबंध नसलेल्या कोणी तो तपासला आहे काय? हाती किती महिने पुरेल इतका पैसा आहे? आणि गेल्या तीन वर्षांत समभागांची संख्या किती वाढली? उत्तरे मिळेपर्यंत सही करू नये. पाचवा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारावयाचा होता: ही रक्कम समूळ बुडाली, तर घरच्या चुलीला व औषधपाण्याला झळ लागेल काय?

आपण सोनाराकडे जातो तेव्हा कसोटीवर कस लावून घेतो. ओळखीचा सोनार म्हणून कोणी कस टाळीत नाही. मग न पाहिलेल्या डोंगराच्या पोटातले सोने केवळ शब्दावर का घ्यावे? मित्रांनी पत्रकाची घडी घालून ते खिशात ठेवले. "आधी उत्तरे मागवतो," एवढेच ते म्हणाले. मला ते पुरेसे वाटले.