राजपुत्राला त्याचा सूत्रधार परत द्या

नव्वदच्या दशकात वाशीच्या एखाद्या कॉम्प्युटर क्लासमध्ये डॉस शिकलेल्यांना पांढऱ्या कपड्यांतला तो राजपुत्र आठवत असेल. सरांची पाठ वळली की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ सुरू! राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं, आणि वाटेत जमिनीतून वर येणारे भाले. जॉर्डन मेकनरनं १९८९ साली केलेल्या या खेळातला नायक माणसासारखा धावायचा, कारण मेकनरनं आपल्या धाकट्या भावाचं धावणं-उड्या मारणं चित्रित करून त्यावरून एकेक चित्र काढलं होतं.

२०१० साली डिस्नेनं पडद्यावर आणला तो याच मालिकेतला २००३ चा खेळ, ‘द सँड्स ऑफ टाइम’. खर्च सुमारे २० कोटी डॉलर, दिग्दर्शक माइक न्यूएल, नायक जेक जिलेनहाल. कथेच्या श्रेयात खुद्द मेकनर. तरी चित्रपट फिका पडला, दुसरा भाग निघालाच नाही.

माझ्या मते चूक एकच, पण मुळावर घाव घालणारी. त्या खेळात राजपुत्र स्वतःच आपली गोष्ट सांगत असतो. खेळणारा दरीत कोसळला की राजपुत्राचा आवाज येतो: नाही, असं घडलं नव्हतं. आणि खेळ मागे जातो. म्हणजे मरण ही सांगण्यातली चूक! ऐकणारी कोण, ते शेवटी कळतं. ती फराह, हिंदुस्थानातल्या महाराजांची मुलगी. जादूच्या खंजिरानं काळ उलटा फिरल्यामुळे ती त्याला ओळखतही नाही. त्याला मात्र दोघांनी सोसलेलं सगळं आठवतं. चित्रपटानं आठवणीचा हा धागा ठेवला, पण फराहच्या जागी अलामूतची तमिना आणली आणि सांगणाऱ्याचा आवाजच काढून टाकला. उरल्या त्या उड्या. हातात कळफलक नसलेल्या प्रेक्षकाला नुसत्या उड्यांची धास्ती वाटत नाही.

हाच चित्रपट फराहच्या महालात, रात्री सुरू करून पाहा. अनोळखी तरुण खंजीर समोर ठेवून बोलू लागतो. प्रसंग दिसतो, राजपुत्र कोसळतो, अंधार. ‘थांबा, चुकलो.’ तोच प्रसंग पुन्हा, वेगळा. मग फराह अडवते: मघाशी दार बंद होतं म्हणालात ना? हा खरं बोलतोय का, हे आता तिच्याबरोबर आपणही तपासू लागतो. खेळात बोटांना असलेलं काम इथे कानांना मिळतं.

आपल्याला हे अवघड वाटू नये. १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ करताना विष्णुदास भाव्यांनी हीच रीत वापरली: सूत्रधार पदं म्हणणार, पात्रं त्याबरहुकूम वावरणार. वाशीचं नाट्यगृह त्यांच्याच नावाचं आहे. एकांकिकेसाठी विषय शोधणाऱ्या नवी मुंबईतल्या मुलांनी ‘चुकणारा सूत्रधार’ तिथे जरूर उभा करावा. राजपुत्राचे हक्क कंपनीकडे असतील. गोष्ट मागे घेऊन पुन्हा सांगण्याची युक्ती सगळ्यांची आहे.