आडनाव येतं कुठून?

माझं आडनाव शिकलगार. कविसंमेलनात सूत्रसंचालक ते पुकारतात तेव्हा त्याचं कधी 'शिकलकर' होतं, कधी 'शिकारगार'. नंतर चहाच्या वेळी एखादे रसिक जवळ येऊन विचारतात, "हे आडनाव मूळचं कुठलं हो?" प्रश्न प्रेमाचा असतो. पण त्याच्या पोटात दुसराही एक प्रश्न दडलेला असतो, तो मला ऐकू येतो. तुम्ही मराठीत लिहिता, मग हे नाव मराठी कसं नाही? चहा संपेपर्यंत उरकण्याजोगं हे उत्तर नाही. म्हणून आज जरा निवांतपणे सांगतो.

'सैकल' हा अरबी शब्द. धातू घासून-पुसून लखलखीत करणं म्हणजे सैकल. फारसीत त्याला 'गर' जोडला, की ते काम करणारा तो सैकलगर. मराठी जिभेवर त्याचा झाला शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारींना धार आणि झळाळी देणारा हा माणूस फौजेला लागायचाच. पुढे लढाया संपल्या, तलवारी खुंटीवर गेल्या आणि शिकलगार विळ्या-कोयत्यांकडे, कात्र्या-अडकित्त्यांकडे वळला. माझे आजोबा ऊसपट्ट्यात गावोगावी फिरून कोयत्यांना धार लावायचे. चाकाचा पट्टा ओढायचं काम माझ्याकडे असायचं आणि ठिणग्या बघण्याच्या नादात मी ते फुकट करायचो.

या शब्दाची एक गंमत मला फार उशिरा, बी. ए.च्या वर्गात कळली. पूर्वी आरसे धातूचे असत. ते गंजत, मळत. मग त्यांनाही सैकल करावं लागे. सूफी कवींनी हा शब्द तिथून उचलला आणि माणसाचं मन घासून आरशासारखं करण्याला वापरला. म्हणजे आमच्या घरच्या धंद्याचा शब्द फारसी-उर्दू कवितेत कधीचाच मानाने जाऊन बसला होता! पंजाबात हेच काम करणारे सिकलीगर शीख आहेत. शब्द एक, धंदा एक, धर्म वेगळा.

आता त्या 'गर'कडे पुन्हा बघा. सुवर्णकाराचा सोनार झाला, लोहकाराचा लोहार झाला, कुंभकाराचा कुंभार झाला. या सगळ्यांच्या शेवटी जो 'कार' आहे, त्याचाच चुलतभाऊ म्हणजे फारसीतला 'गर'. संस्कृत आणि जुनी इराणी या एकाच कुळातल्या भाषा, त्यामुळे अशी नाती जागोजागी सापडतात. संस्कृतातला 'हस्त' आणि फारसीतला 'दस्त' हीही तशीच जोडी. तेव्हा लोहार आणि शिकलगार एकाच लोखंडावर काम करतात, हे तर दिसतंच. पण त्यांच्या आडनावांचं शेपूटही एकच आहे.

आता दुसऱ्या बाजूने बघू. फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस, पागनीस, कारखानीस ही अस्सल मराठी आडनावं. यांच्यातला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. फर्द म्हणजे यादी किंवा हिशेबाचा कागद. तो लिहिणारा फर्दनवीस, त्याचा फडणवीस आणि फडणीस. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस. पारसनीस तर सरळच फारसी-नवीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा. इनामदार, मिरासदार, पोतदार, दफ्तरदार, जमादार यांतला 'दार' फारसीच. त्याचा अर्थ बाळगणारा. पेशवे हा शब्दही फारसी, पुढे चालणारा या अर्थाचा. सवाई माधवरावांच्या काळातले नाना फडणवीस प्रसिद्ध आहेत, पण त्यांचं घराण्याचं आडनाव भानू. बाळाजी जनार्दन भानू. हुद्दा इतका मोठा झाला, की त्याने घरचं आडनाव झाकून टाकलं.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास कारभारातले फारसी शब्द बाजूला काढून संस्कृत शब्द आणले. त्यासाठी 'राजव्यवहारकोश' तयार करवून घेतला. पेशव्याला मुख्य प्रधान, मुजुमदाराला अमात्य, डबीराला सुमंत, सरनोबताला सेनापती असे शब्द योजले गेले. मोठं काम होतं ते. पण लोकांच्या तोंडचा शब्द हुकमाने जात नाही. पुढच्या शतकात सगळा महाराष्ट्र पेशवे म्हणत राहिला आणि मुजुमदार आडनावाची माणसं आजही भेटतात. त्या आडनावात अरबी शब्द आहे म्हणून त्यांना कुणी "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारत नाही. विचारूही नये.

उलट आमच्याकडचे तांबोळी घ्या. तांबूल म्हणजे विडा; शब्द संस्कृत. पानाचा धंदा करणारे तांबोळी हिंदूही आहेत आणि मुसलमानही. मणेर किंवा मण्यार बांगड्या विकणारे. त्यात 'मणी' आहे. पिंजारी कापूस पिंजणारे. कोकणातले दलवाई घ्या. दळ म्हणजे सैन्य, त्याचा नायक तो दलवाई. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई हे आडनाव लावत आणि शेजारच्या हिंदू घरातले दळवी जवळपास तोच शब्द लावतात. म्हणजे मुसलमानाचं आडनाव संस्कृत आणि ब्राह्मणाचं फारसी, असा हा महाराष्ट्र आहे. आडनावावरून माणसाचा धर्म ओळखणाऱ्यांनी इथे जरा जपून चालावं.

बागवान म्हणजे बागेचा राखणदार, माळीच. माळ्यांमध्ये फुलांच्या धंद्यावरून फुले आडनाव पडलं. महात्मा जोतीरावांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे होतं, हे पुष्कळांना माहीत असतं. अत्तार सुगंध विकणारा. मोमीन म्हणजे श्रद्धावंत, पण मालेगाव-भिवंडीकडे मोमीन म्हटलं की हातमाग आठवतो. मुलाणी हा मुल्लावरून आला. गावगाड्याच्या काही जुन्या याद्यांत तो बलुतेदार म्हणून येतो. जत्रेचं बकरं त्याच्या हातून कापलं जायचं आणि त्याचा वाटा ठरलेला असायचा. मला सगळ्यात आवडतं ते मुजावर. अरबीत त्याचा मूळ अर्थ शेजारी. दर्ग्याच्या शेजाराला राहून दिवाबत्ती करतो तो मुजावर. शेजारी असणं हेच ज्याचं काम, असं दुसरं आडनाव मला ठाऊक नाही.

माणसाच्या पहिल्या नावाचीही तीच तऱ्हा. अल्लाबक्ष म्हणजे देवाने दिलेला. देवदत्तचा अर्थ याहून वेगळा नाही. अब्दुल्ला म्हणजे देवाचा दास. पण नुसतं 'अब्दुल' हे अर्धंच नाव आहे. त्याचा अर्थ 'च्या दास' असा काहीतरी अधांतरी होतो. पुढे रहीम, करीम, कादर असं ईश्वराचं एखादं नाव आलं की ते पुरं होतं. रामदासांना कुणी नुसतं 'दास' म्हणून हाक मारावी, तसं ते आहे. अर्जाच्या रकान्यांना मात्र हे कळत नाही. तिथे अब्दुल हे नाव होतं आणि रहीम आडनावाच्या चौकटीत जाऊन बसतो.

आमच्या भागात दस्तगीर नाव फार. दस्त म्हणजे हात आणि गीर म्हणजे धरणारा. संकटात हात धरणारा. गैबी पीराच्या नावावरून गैबूही असतात. गैब म्हणजे दृष्टीआडचं. आपण चष्मा 'गायब' झाला म्हणतो, तो शब्द त्याच घरातला. जैतुनबी नावाच्या म्हाताऱ्या मी पाहिल्यात. जैतून म्हणजे ऑलिव्ह, आणि त्यांच्यापैकी कुणी ऑलिव्हचं झाड जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांच्या शेजारणी हिराबी. मूल जगत नसलं की त्याला दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू अशी ओबडधोबड नावं ठेवायची रीत तर दोन्ही आळ्यांत होती. पीराला नवस बोलून झालेल्या हिंदू मुलाचं नाव पिराजी किंवा फकिरा ठेवत. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरागत कथा आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९ सालच्या 'फकिरा' कादंबरीचा नायक मातंग समाजातला. फकीर हा शब्द अरबी, अर्थ गरजवंत. हैबतराव, हिंमतराव, दौलतराव, साहेबराव या नावांतला 'राव' तेवढा इथला, पुढचं सगळं अरबी-फारसी.

इथवर सगळं मौजेचं. पण आडनावाशी पोटाचाही संबंध येतो.

माझा एक नात्यातला भाऊ घराण्याने नदाफ. नदाफ म्हणजे अरबीत कापूस पिंजणारा. पिंजारी आणि नदाफ एकच धंदा, एक शब्द इथला, एक तिकडचा. त्याचे वडील तरुणपणी मुंबईला गेले. तिथे त्यांनी नदाफ सोडलं आणि शेख लावलं. शेख म्हणजे वडीलधारा, आदरणीय, शब्द वजनदार. धंद्याचं आडनाव लावलं की मुकादम "ए पिंजाऱ्या" अशी हाक मारायचा, शेख लावल्यावर ते थांबलं. यात त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. असे कितीतरी अत्तार, तांबोळी, बागवान शहरांत जाऊन शेख झाले आहेत. मराठवाड्यात तर शेख नावाच्या आधी येतं आणि वडिलांच्या नावाआधी पुन्हा येतं, त्यामुळे गल्लीतली निम्मी माणसं कागदावर सारखीच दिसतात.

पुढे राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत मुसलमानांमधले धंदेवाले समाजही आले. भावाच्या मुलीला प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव नदाफ, पण जातीच्या रकान्यात गुरुजींनी लिहिलेलं: मुसलमान. भावाच्या स्वतःच्या कागदांवर शेख. कचेरीतल्या बाबूंचं म्हणणं, शेख आणि नदाफ एकच घर हे कशावरून? त्यांचंही खोटं नव्हतं. कागद तेच सांगत होते. ज्या पोरीचे आजोबा कापसाच्या धुरळ्याने खोकत असत, तिला ते पिंजारी होते हे सिद्ध करत दोन उन्हाळे फिरावं लागलं. पहिल्या वर्षीचा प्रवेश हुकला तो हुकलाच.

पुरावा शेवटी सापडला गावात. गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. तिच्यात थोरल्या चुलत्याच्या जन्माच्या नोंदीत आजोबांच्या नावापुढे जात लिहिली होती: पिंजारी. कोतवाल रोज त्या आळीतून जायचा, दारात ताणलेली तात त्याला दिसायची. गुरुजींनी धर्म लिहिला, कोतवालाने धंदा लिहिला.

ज्यांच्या घरी असा दाखला काढायचा असेल, त्यांनी सुरुवात या वहीपासून करावी. आजोबाची नोंद नसेल तर त्याच्या भावंडांची, आत्याची बघावी. बापाकडचं कुठलंही रक्ताचं माणूस चालतं. काही जुन्या नोंदी मोडीत असतात, मराठवाड्यात उर्दूत असतात. वाचणारा माणूस बरोबर न्यावा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव लिहिलं जातं: मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चांगलं झालं. पण ती आई माहेरची मुजावर होती की मणेर, हे त्या ओळीत येत नाही. ते तिच्या आईला विचारून घरच्याच एखाद्या वहीत लिहून ठेवावं लागेल.