बावन्न पानांचं गणित – लेखांक ७ : ‘बघू तरी’ म्हणणारे काका

मांडवीतल्या एका कॅसिनो-बोटीवर, पोकरच्या शंभर-दोनशेच्या टेबलाला, माझ्या उजव्या हाताला सांगलीकडचे एक काका बसले होते. शनिवारची रात्र. माझा फ्लश जुळायचा होता, तो जुळला नाही. तरी फ्लॉप, टर्न आणि रिव्हर अशा तिन्ही वेळा मी मोठी रक्कम लावली. कुठलाही विचारी माणूस पत्ते टाकेल असा देखावा मी उभा केला होता. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, टेबलावरची पाच पानं वाकून पाहिली आणि म्हणाले, “बघू तरी.” त्यांच्याकडे चव्वीची जोडी होती. चिप्स ओढून घेताना वर मलाच म्हणाले, “अहो, एवढ्या लांब येऊन पत्ते टाकायचे का?”

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. चूक मात्र सगळी माझी होती. काका माझ्या पत्त्यांचा विचारच करत नव्हते. ते स्वतःची जोडी बघत होते, आणि जोडी आहे म्हटल्यावर पैसे द्यायचे एवढंच त्यांना ठाऊक होतं. अशा खेळाडूला टेबलावर ‘लूज’ म्हणतात, आणि जो स्वतः क्वचितच रक्कम वाढवतो, नुसता कॉल करत राहतो त्याला ‘कॉलिंग स्टेशन’. आजचा लेखांक त्याच्यासाठी.

ही सवय येते कुठून? आपल्याकडे तरी बरीचशी दिवाळीतल्या तीन पत्तीतून. तिथं पत्ते न बघता खेळणाऱ्याला खरोखरच सवलत असते: तो जेवढे टाकेल त्याच्या दुप्पट चाल पत्ते पाहिलेल्याला द्यावी लागते. त्यामुळे ‘ब्लाइंड’ म्हणजे हिंमत आणि ‘पॅक’ म्हणजे भित्रेपणा, असं लहानपणापासून डोक्यात बसतं. पोकरमध्ये ब्लाइंड ही हिंमत नव्हे, पाळीपाळीने भरायची पट्टी आहे. दुसरा फरक याहून मोठा. तीन पत्तीत वाटलेले शंभरातले चौऱ्याहत्तर हात जोडीसुद्धा नसलेले, नुसत्या मोठ्या पानाचे असतात. त्यामुळे समोरच्याला घाबरवून पळवता येतं. पोकरच्या होल्डेम प्रकारात शेवटी सात पानांतून हात बनतो, आणि त्यात अगदीच रिकामा हात निघण्याचं प्रमाण जेमतेम सतरा टक्के. शेवटपर्यंत थांबणाऱ्याकडे बहुधा काहीतरी असतंच, आणि काकांना तेवढं ‘काहीतरी’ पुरतं.

म्हणून पहिला बदल हा की ब्लफ बंद. कमी नव्हे, जवळजवळ बंदच. पॉट सहा हजारांचा आहे आणि तुम्ही रिकाम्या हाताने चार हजार लावता. ही खेळी फायद्यात यायला समोरच्याने शंभरातून चाळीसपेक्षा जास्त वेळा पत्ते टाकायला हवेत. काका टाकतात पाचातून एकदा. म्हणजे एकदा सहा हजार मिळाले, चारदा चार-चार हजार गेले. सरासरी दर ब्लफमागे दोन हजारांचा खड्डा. एवढं गणित मी त्या शनिवारी केलं असतं तर!

दुसरा बदल कळायला सोपा, हाताला जड. चांगल्या हातावर रक्कम वाढवायची, आणि वाढवत राहायची. तेच टेबल, दोघांसमोर वीस-वीस हजार. काका दोनशे टाकून आत येतात. तुमच्याकडे बदामचा एक्का आणि चौकटचा राजा. एरवी आठशे केले असते, इथं बाराशे करा. काका येणारच आहेत. बाकी सगळे पत्ते टाकतात. ब्लाइंडचे तीनशे धरून पॉट २,७००. फ्लॉपला किलवरचा एक्का, इस्पिकची नव्वी, इस्पिकची चव्वी. दोन हजार लावा. कॉल. टर्नला चौकटची दुर्री. पॉट ६,७०० झालाय, पाच हजार लावा. पुन्हा कॉल. रिव्हरला किलवरचा गुलाम. आता नऊ हजार.

नेमका इथंच नवख्याचा हात आखडतो. ‘एवढे लावले तर काका पळतील’ ही भीती. काका पळत नाहीत. त्यांच्याकडे एक्का-छक्की आहे, एक्क्याची जोडी समोर दिसतेय, मग ते “बघू तरी” म्हणणारच. त्यांच्याकडून तुम्हाला १७,२०० मिळाले. फ्लॉपपासून हजार, दोन हजार, तीन हजार असं दबकत खेळला असतात तर हाती आले असते ७,२००. तीच पानं, तेच काका, आणि दहा हजारांचा फरक.

आता समजा त्यांच्याकडे एक्का नव्हता, इस्पिकची दश्शी आणि सत्ती होती. टर्ननंतर न दिसलेली पानं चव्वेचाळीस, त्यांपैकी त्यांना तारणारी इस्पिकची नऊ. म्हणजे साधारण वीस टक्के. तुमचे पाच हजार धरून ११,७०० जिंकण्यासाठी ते पाच हजार मोजतात. हा सौदा परवडायला तीस टक्के संधी हवी. त्या एका कॉलमध्ये ते सरासरी सोळाशेच्या आसपास गमावतात, मग रिव्हरला इस्पिक येवो न येवो. अमेरिकन लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी ‘द थिअरी ऑफ पोकर’मध्ये हेच तत्त्व पायाशी ठेवलंय: तुमचे पत्ते दिसत असते तर समोरच्याने जे केलं नसतं ते तो करतो, तेव्हा फायदा तुमचा. एक सावधगिरी मात्र बाळगा. रिव्हरला इस्पिक आलं आणि रात्रभर गुमान कॉल करणारे काका एकाएकी स्वतःहून मोठी रक्कम लावायला लागले, तर एक्का-राजा निमूट खाली ठेवा. असा माणूस ब्लफ करत नाही.

टेबलावर असे चार-पाच काका असतील तर सुरुवातीच्या पानांची किंमतही बदलते. छोट्या जोड्या स्वस्तात फ्लॉप बघायला चांगल्या. साडेआठातून एकदा तिसरं पान जुळतं आणि जुळलं की पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार असतं. एकाच रंगाची लागोपाठची पानंही चालतात, पण शेवटी बोलायची जागा असेल तर. राणी-दश्शीसारखी बेरंगी जोडगोळी गर्दीत फार फसवते. ती सोडा. शिवाय बोटीवाले प्रत्येक पॉटमधून आपला रेक कापतात, तेव्हा ‘सगळेच येताहेत, आपणही जाऊ’ हा हिशोब जमणारा नाही. समोरचा सैल खेळतोय म्हणून आपणही सैल सुटायचं, ही माझ्या पाहण्यातली सर्वांत महागडी चूक.

दुसऱ्या जातीचा लूज खेळाडू, जो कॉल न करता प्रत्येक वेळी वाढवतच सुटतो, त्याच्याशी उलट वागावं लागतं: दोरी त्याच्या हातात द्यायची आणि आपण कॉल करायचं. त्याच्यासाठी पुढचा अख्खा लेखांक राखून ठेवलाय.

ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, तेव्हा सराव घरीच करा, आणि पैसे न लावता करा. पत्त्यांच्या जोडातून दोन एक्के काढून स्वतःसमोर ठेवा. उरलेली पानं पिसून पाच जणांना दोन-दोन वाटा, मधे पाच उघडी मांडा, कुणालाही पत्ते टाकू देऊ नका. असे पन्नास डाव मांडा आणि वहीत टिपून ठेवा. तुमचे एक्के साधारण पंचवीस डाव हरतील. पण पॉटमध्ये तुम्ही घातलाय सहावा हिस्सा, आणि परत येतोय जवळजवळ निम्मा. वही पुढच्या आठवड्यापर्यंत जपून ठेवा, तिचं काम आहे.