जोडसंचाचा जामीनदार कोण?

कृष्णाकाठच्या सातारा-सांगली मुलखाला यंत्रांचे वेड नवे नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला आणि तेथे किर्लोस्करवाडी वसली. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातील कारखान्यातून निघालेली ‘प्रिया’ स्कूटर मध्यमवर्गीयांच्या दारात दिमाखाने उभी राहिली. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रे येथील कारागीर दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बनविलेल्या चिमुकल्या चारचाकीचे २०२१ साली देशभर कौतुक झाले. मिळेल त्या साहित्यातून चालते यंत्र उभे करण्याची ही परंपरा अभिमानास्पदच आहे.

याच परंपरेला आता साध्या सायकलीला विजेची मोटर बसविण्याची नवी वाट सापडली आहे. चाकात बसणारी मोटर, तिला वीज पुरविणारा कंट्रोलर, वेगाची मूठ, ब्रेकचे दांडे, बॅटरी आणि चार्जर असा ‘किट’ या नावाचा जोडसंच बाजारात काही हजार रुपयांत मिळतो. वाडीवरच्या शाळेत जाणारा शिक्षक, तालुक्याच्या कचेरीतील कारकून, महाविद्यालयातील विद्यार्थी यांना पेट्रोलचा भाव पाहता त्याचा मोह पडला, तर त्यांना नावे ठेवता येणार नाहीत. गरज खरी आहे आणि साधनही मुळात चांगले आहे. प्रश्न इतकाच, की मोटर एकाची, बॅटरी दुसऱ्याची, सायकल तिसऱ्याची आणि जोडणी चौथ्याची असे जे वाहन तयार होते, त्याच्या एकत्रित सुरक्षिततेचा जामीनदार कोण?

दोष सांध्यात असतो

सुटा भाग चांगला असूनही जोडणीत घात होऊ शकतो. सायकलीचा चिमटा स्वाराचा भार पेलण्यासाठी घडविलेला असतो. चाकाच्या आसाने त्याला पिळावे, ही अपेक्षा त्यात नसते. चाकातील मोटर मात्र प्रत्येक वेळी जोर लावताना आसाला उलट दिशेने फिरवू पाहते. आस ज्या खाचेत बसतो, ती खाच या पिळाने हळूहळू रुंदावते आणि एके दिवशी आस फिरतो, तारा तुटतात, प्रसंगी चाकच निखळते. हा पीळ रोखणारी एक साधी लोखंडी पट्टी आसाला लावली, तर धोका पुष्कळ टळतो. परंतु स्वस्त संचात ती नसते आणि जोडणाऱ्याला तिचे महत्त्व ठाऊक असेलच असे नाही.

मुठीचेही तसेच आहे. मुठीकडे जाणाऱ्या तारांपैकी एक विशिष्ट तार तुटली, तर हलक्या प्रतीच्या कंट्रोलरची मूठ पूर्ण पिळल्याचीच समजूत होते आणि सायकल आपोआप धावू लागते. अशा वेळी ब्रेक दाबताच मोटरची वीज तोडणारी कळ उपयोगी पडते. तिची जोडणी करण्याचा कंटाळा केला, तर स्वाराचा शेवटचा आधारच जातो.

उतारावरची परीक्षा

पाश्चात्य देशांत तरुणांच्या आवडीचे झालेले विद्युत स्केटबोर्ड, म्हणजे चाके व मोटर लावलेली फळी, या बाबतीत बोलके उदाहरण आहे. अशा बहुतेक फळ्यांना वेगळा ब्रेक नसतो. मोटरच उलटी राबवून वेग कमी करतात. साहजिकच पट्टा तुटला किंवा कंट्रोलर बिघडला, की गती आणि ब्रेक दोन्ही एकदम जातात. सायकलींच्या काही जोडसंचांतही मोटरने वेग रोखून ती ऊर्जा बॅटरीत परत भरण्याची सोय असते आणि तिच्यावर विसंबून जुने ब्रेक तसेच झिजू दिले जातात.

आता पाचगणीहून वाईला उतरणारा पसरणी घाट डोळ्यांपुढे आणावा. उंचीतील फरक सुमारे साडेपाचशे मीटरांचा. स्वार व सायकल मिळून नव्वद किलो वजन धरले, तर ब्रेकना जी ऊर्जा जिरवावी लागेल ती साधारण १३५ वॅट-तास, म्हणजे ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तासांच्या बॅटरीच्या एकतृतीयांशाहून जास्त भरते. रात्रभर चार्ज केलेली भरगच्च बॅटरी ही ऊर्जा घेऊच शकत नाही. तिचे रक्षण करण्यासाठी कंट्रोलर मोटरचा ब्रेक सोडून देतो आणि नेमका तीव्र वळणावर सगळा भार रबरी गुटक्यांवर येतो. सपाटीवर चालवून पाहिलेल्या वाहनाचा हा दोष घाटातच कळतो.

बॅटरीचे घरातले संकट

बॅटरीचा धोका तर वाहन उभे असतानाही टळत नाही. ३६ व्होल्टच्या बॅटरीत लिथियम सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात आणि पूर्ण भरल्यावर तिचा दाब ४२ व्होल्ट होतो. ४८ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ५४.६ व्होल्टपर्यंत जातो. दोन्हींची पिन अनेकदा सारखीच असते. घाईत चार्जर बदलला आणि बॅटरीतील संरक्षक मंडल निकृष्ट असले, तर सेल तापून पेट घेऊ शकतात.

एप्रिल २०२२ मध्ये नाशिकजवळ एका कंटेनरमधील ४० विद्युत स्कूटरांपैकी २० जळाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या एका बालकाचा पुढे मृत्यू झाला. या व अशा घटनांनंतर केंद्र सरकारने बॅटऱ्यांच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या स्कूटरांना त्यांचा लाभ झाला असेल; बाजारातून सुटी आणलेली बॅटरी मात्र या चाचणीतून गेली आहे की नाही, हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नाही.

सांगलीकरांना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी कृष्णाकाठची घरे बुडविली. पाण्याखाली गेलेली लिथियम बॅटरी वरून कोरडी झाली, तरी आत गंज व चिखल राहतो. पूर ओसरल्यावर ती पुन्हा चार्जिंगला लावणे म्हणजे घरात नवे संकट आणणे होय.

कायद्याची सवलत आणि तिची सीमा

मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर अशा सायकलीला नोंदणी, परवाना व विमा लागत नाही. ही सवलत रास्त आहे. परंतु अनेक कंट्रोलरांत वेगमर्यादेची एक सुटी तार असते आणि तिची जोडणी बदलली की मर्यादा उठते. वेग पंचवीसवरून चाळीसवर गेला, की आघाताची ऊर्जा अडीचपट होते. शिवाय ती सायकल कायद्याच्या दृष्टीने बिगरनोंदणीचे, बिगरविम्याचे मोटार वाहन ठरू शकते. मग अपघातातील भरपाईचा बोजा थेट चालविणाऱ्याच्या पगारावर येतो. जुन्या स्कूटरला किंवा मोटरसायकलला जोडसंच बसवायचा, तर तो मान्यताप्राप्त असावा लागतो आणि परिवहन कार्यालयात त्याची नोंद करावी लागते. २०२२ साली राज्याच्या परिवहन विभागाने बेकायदा बदल केलेल्या विद्युत दुचाकींविरुद्ध मोहीमही काढली. परंतु अशा मोहिमेत वेग सापडतो, रुंदावलेली खाच सापडत नाही.

अमेरिकेत २०२३ साली एका कंपनीला चार मृत्यूंनंतर आपली सुमारे तीन लाख एकचाकी विद्युत फळी-वाहने परत बोलवावी लागली. हे शक्य झाले, कारण त्या मालाचा कर्ता एक होता आणि त्याला जाब विचारता येत होता. गल्लीतील दुकानात जोडलेली सायकल कोण परत बोलावणार? ती कोणाकडे गेली, याची साधी नोंदही नसते.

उपाय घराजवळच

म्हणून बंदीची मागणी करावी असे मात्र नव्हे. बंदीने जोडणी थांबणार नाही, ती फक्त आडोशाला जाईल. कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीचे वालचंद महाविद्यालय, साखराळ्याची राजारामबापू संस्था आणि ठिकठिकाणच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था या दोन जिल्ह्यांतच आहेत. आसाची पट्टी, ब्रेकची कळ, वेगाची मर्यादा, बॅटरी व चार्जर यांचा मेळ आणि उतारावरची एक फेरी, एवढी तपासणी तेथील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली अल्प शुल्कात करू शकतील. जोडणाऱ्या कारागिरांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण द्यावे आणि प्रत्येक जोडणीची सही-शिक्क्याची पावती बंधनकारक करावी. त्या पावतीवर बॅटरीचा क्रमांक आणि जोडणाऱ्याचे नाव असावे.

तोवर ग्राहकाने निदान इतके करावे, की सही करून पावती देण्यास जो दुकानदार तयार नसेल, त्याच्याकडून जोडसंच बसवून घेऊ नये. आणि रात्री सर्व निजल्यावर, दाराच्या वाटेत बॅटरी चार्जिंगला लावू नये.