घटस्फोट आणि हप्त्यावरचे घर

वसई, नालासोपारा किंवा विरारमधल्या नोकरदार कुटुंबाची जवळजवळ सगळी कमाई एका फ्लॅटमध्ये गुंतलेली असते आणि त्या फ्लॅटचे हप्ते अजून फिटायचे असतात. त्यामुळे घटस्फोट घेताना पोटगी आणि मुलांच्या ताब्याइतकाच अवघड प्रश्न घराचा होतो, आणि नेमका तोच सर्वांत शेवटी हाती घेतला जातो.

कोणता कायदा लागू होणार हे धर्मावर आणि विवाह कोणत्या कायद्याने झाला यावर ठरते. हिंदू, बौद्ध, जैन व शीख दांपत्यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो. परस्पर संमतीने वेगळे व्हायचे असेल, तर त्यांनी किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबण्याची अट आहे. पण समेटाची शक्यता उरली नसेल आणि पोटगी व मुलांचा प्रश्न मिटला असेल, तर न्यायालय ती शिथिल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नीला स्वतः राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. विरारला माहेरी परतलेल्या स्त्रीला खटल्यासाठी सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

वसईत ख्रिस्ती समाज मोठा आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चर्चच्या न्यायाधिकरणाने विवाह रद्दबातल ठरवला, तरी कायद्याच्या दृष्टीने पती-पत्नीचे नाते कायमच राहते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केले. दुसऱ्या लग्नाआधी १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा घ्यावाच लागतो. नाहीतर दुसरा विवाह अवैध ठरतो आणि त्याची झळ त्या घरातल्या स्त्रीला आणि मुलांना बसते.

आता घराकडे वळू. लग्नानंतर घेतलेली मालमत्ता आपोआप निम्मी-निम्मी होते, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे पती-पत्नीच्या सामायिक मालमत्तेची पद्धत आहे. वसईवरही पोर्तुगीजांचे राज्य होते, पण ते १७३९ मध्ये संपले आणि ती संहिता १८६७ ची. त्यामुळे तिचा इथे संबंध येत नाही. इथे मालकी कागदावरून ठरते. करारनाम्यात एकट्या पतीचे नाव असेल, तर पत्नीला आपण पैसे भरल्याचे पुरावे घेऊन हक्क सिद्ध करावा लागतो. हप्ते कोणाच्या खात्यातून गेले हे दाखवणारी बँकेची विवरणपत्रे म्हणूनच जपून ठेवावीत. मालकी आणि राहण्याचा हक्क मात्र वेगळे आहेत. २००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली पीडित पत्नीला सामायिक घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी तो मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले.

कर्ज दोघांच्या नावावर असेल, तर बँक दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण थकबाकी वसूल करू शकते. ‘यापुढे हप्ते पती भरेल’ असे संमतीच्या अटींत लिहिले, तरी बँक त्या कराराची पक्षकार नसते. पतीने हप्ते थकवले तर वेगळी राहणारी पत्नीही थकबाकीदार ठरते आणि तिला पुढे कर्ज मिळणे कठीण होते. म्हणून फ्लॅट विकून कर्ज फेडायचे, की एकाने दुसऱ्याचे नाव काढून कर्ज स्वतःकडे घ्यायचे, हे बँकेशी बोलून आधीच ठरवलेले बरे. एकट्याच्या पगारावर ते कर्ज बसते का, हे बँक नव्याने तपासते.

मालकी हस्तांतराची वेळही महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात पती-पत्नीमध्ये निवासी घराचे बक्षीसपत्र केले, तर मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये लागते. स्थानिक अधिभार वेगळा. ही सवलत नात्यावर अवलंबून आहे. घटस्फोटानंतर ते नातेच उरत नाही. शिवाय पैसे घेऊन हिस्सा सोडला तर ते बक्षीस ठरत नाही. त्यामुळे मसुदा वकिलाकडूनच करून घ्यावा. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्यावर सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरही नाव बदलून घ्यावे लागते.

या भागात आणखी एक धोका आहे. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. ही कारवाई २०२५ च्या सुरुवातीला पूर्ण झाली आणि हजारो रहिवासी बेघर झाले. तडजोडीत पोटगीऐवजी अशा इमारतीतले घर स्वीकारणाऱ्या स्त्रीच्या हाती शेवटी काहीच उरत नाही. बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि नोंदणीकृत करार पाहिल्याशिवाय घराची किंमत तडजोडीत धरू नये.

पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर जाहीर करायची आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली कोणत्याही धर्माची पत्नी पोटगी मागू शकते. पूर्वीच्या संहितेत हेच कलम १२५ होते. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही हा मार्ग खुला असल्याचे २०२४ च्या निकालाने पुन्हा स्पष्ट झाले. दरमहा मिळणारी पोटगी करपात्र उत्पन्न धरली जाते, तर एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची असल्याने करपात्र नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा जुना निकाल आहे. स्त्रीधनावर मात्र पत्नीचाच हक्क असतो. ते पोटगीच्या हिशेबात धरू देऊ नये.

मुलांच्या बाबतीत त्यांचे हित हाच निकष आहे. पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईकडे राहते. तडजोडीत शाळेची फी, आजारपण आणि सुट्ट्यांतल्या भेटी तपशिलाने लिहाव्यात. पुढची बहुतेक भांडणे याच मुद्द्यांवरून होतात.

हुकूमनामा मिळाल्यावर भविष्य निर्वाह निधी, विमा आणि बँक खात्यांवरची वारसनोंद बदलावी. हिंदू विवाह कायद्यात अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. ती संपण्याआधी पुन्हा लग्न करू नये. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि महाराष्ट्रात घटस्फोट व पोटगीच्या दाव्यांत १९९४ पासून त्यांना न्यायालयीन शुल्कही माफ आहे.